आईच्या कमरेवर, परकराच्या नाडीच्या जागी जखम भरत नाही. कॅन्सर असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६८, आयुष्यभर साडी. नाडी बसते तिथे काळा पट्टा जुनाच आहे, पण त्यावर चार महिन्यांपासून एक जखम आहे. गजकर्णाचं मलम लावूनही जात नाही.

मी डॉक्टर नाही, पुण्यात कसब्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. घाबरून जाऊ नका, कमरेवरच्या अशा बहुतेक तक्रारी कॅन्सरच्या नसतात. पण चार महिने न भरलेल्या जखमेला आता आणखी एक मलम नको, बायोप्सी हवी, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणं.

नाडी रोज त्याच जागी करकचून बांधली, वर घाम आणि घर्षण, की कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, खाजते, पापुद्रे सुटतात. बहुतेक जणींचं एवढ्यावरच थांबतं. क्वचित, वर्षानुवर्षांनी, त्याच जागी स्क्वॅमस सेल कॅन्सर, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर होतो. मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतर नेसणाऱ्या पुरुषांच्या कमरेवरचा असाच कॅन्सर नोंदवला होता. पुढे साडीचाही तसाच नोंदवला गेला. म्हणजे दोष साडीचा नाही, एकाच जागी आवळण्याचा.

गजकर्ण सहसा गोल असतं, कडेने लाल होत पसरतं आणि घरात दुसऱ्या कुणालातरी बऱ्याचदा असतं. सोरायसिस असेल तर कोपर, गुडघे, डोक्यातही चंदेरी पापुद्रे दिसतील. एकाच ठिकाणी बसलेली, कडा उचललेली आणि कडक, जरा धक्का लागला की रक्त येणारी, खपली धरून पुन्हा उघडणारी जखम मात्र वेगळी. जांघेत किंवा काखेत गाठ लागत असेल तर उद्याच जा.

आता मलमाबद्दल. दुकानात रोज कुणीतरी चेपून चेपून गुंडाळलेली ट्यूब काउंटरवर ठेवतं आणि 'हीच द्या' म्हणतं. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून गुण आला असं वाटतं. प्रत्यक्षात कातडी पातळ होते, बुरशी असेल तर ती आणखी पसरते आणि खरं दुखणं झाकलं जातं. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती किती पाळली जाते, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा!

त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खर्चाचा प्रश्न असेल तर पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो, त्याच दिवशी घरी. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' असं आई म्हणेल, आमच्याकडेही बायका हेच म्हणतात. तसं काही नसतं. लवकर सापडला तर बहुतेकदा तेवढा भाग कापून काढला की काम होतं.

आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्याही. तोवर आईला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा सैल परकर द्या. आणि जखमेवर हळद भरू नका, डॉक्टरांना कडा नीट दिसायला हव्यात.