विज्ञानाला मर्यादा आहेत असं म्हणणं म्हणजे अंधश्रद्धेला दार उघडणं नाही का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, की प्रयोगाने सिद्ध होतं तेवढंच ज्ञान, बाकी सगळी मतं. हेच वाक्य आमच्या सोप्यात बसून माझ्या आईला ऐकवलं गेलं होतं, म्हणून लिहितोय.

आम्ही निपाणीचे. आईने तंबाखूच्या वखारीत बावीस वर्षं काढली. पाला चाळायचा, काड्या निवडायच्या, दिवसभर खकाणा नाकातोंडात. घरी आली की दारातच पदर झटकायची, तरी आम्हा भावंडांना शिंका यायच्या. माझी पदवी त्या पगारावर झाली. पुण्यात नोकरी करणारा माझा चुलतभाऊ, आमचा दादा, एका गणपतीत आला होता. जेवणं झाल्यावर म्हणाला, "काकू, तंबाखूची शेती, वखारी, विड्या, सगळं वर्षभरात बंद करायला पाहिजे. सायन्सनं सिद्ध केलंय, विषय संपला."

आई म्हणाली, "आणि वखारीतल्या बायकांनी काय करायचं, ते बी सायन्सनं सांगिटलंय काय?"

"काकू, हे इमोशनल झालं. हे नॉलेज नव्हे."

आई उठून भांडी घासायला गेली. मी गप्प बसलो.

दादाचं अर्धं म्हणणं शंभर टक्के खरं. १९५० साली डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या इस्पितळांत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना आणि इतर रुग्णांना त्यांच्या सिगारेटींबद्दल विचारलं, दोन्हींची तुलना केली आणि संबंध उघड झाला. पुढे पुरावा वाढतच गेला. पण त्या आकड्यांतून "वर्षभरात बंद करा" निघत नाही. त्यासाठी कुणाचं किती नुकसान चालवून घ्यायचं हे आधी ठरवावं लागतं. 'आहे' वरून थेट 'असावं' वर जाता येत नाही, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० मध्येच मांडलंय. दादाने स्वतः ठरवलं आणि नाव सायन्सचं घातलं. मला राग त्याचा आहे.

आणि "प्रयोगाने सिद्ध होतं तेवढंच ज्ञान" हे तरी कुठल्या प्रयोगाने सिद्ध झालंय? ते स्वतःच्याच कसोटीला उतरत नाही.

१९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींबरोबर इथले शेतकरी तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बसले. गोळीबार झाला, माणसं गेली. पानात निकोटीन किती हे प्रयोगशाळा सांगेल. ते पान पिकवणाऱ्याला रास्त भाव किती, हे तिथे कळणार नाही, आणि तरी तो प्रश्न खोटा नव्हता.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, नाही, दार उघडत नाही. अंगाऱ्याने कॅन्सर बरा होतो असं कुणी बाबा म्हणाला, तर ते तपासता येतं आणि तपासावंच. तिथे विज्ञानाचाच शब्द शेवटचा. आणि हो, तंबाखू निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये. आईचा खोकला मी रोज रात्री ऐकतो. विडी ओढत असाल तर सोडा.

पण घरात कुणी "सायन्स सांगतं" म्हणून वाद मिटवायला लागला, तर त्याला तिथल्या तिथे विचारा, यातलं मोजलेलं किती आणि तू ठरवलेलं किती. मी तेव्हा विचारलं नाही. दादा, तू हे वाचत असशील तर आईच्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय. या गणपतीत ये आणि तिच्यासमोर बसून दे.