मॉरिशसचा इतिहास आणि संस्कृती समजून घ्यायला काय वाचावं?

मॉरिशसला चाललोय, बीच वगैरे ठीक आहे पण जायच्या आधी देश समजून घ्यायला काय वाचू, असं तुम्ही विचारलंय. गाइडबुकमधल्या 'इतिहास' नावाच्या पानावर थांबू नका एवढंच आधी सांगतो, कारण त्यात 1598 ला डच आले, डोडो पक्षी संपला, 1715 ला फ्रेंच, 1810 ला इंग्रज, 1968 ला स्वातंत्र्य, झालं. ऊस कोणी लावला आणि कोणी तोडला हे त्यात जेमतेम दोन ओळींत उरकतात आणि त्या देशाची खरी गोष्ट तर तीच आहे.

हिंदी वाचता येत असेल (येतंच आपल्याला) तर सुरुवात अभिमन्यु अनत यांच्या 'लाल पसीना'पासून करा. लेखक तिथलेच, त्रिओले गावचे, कादंबरी 1977 ची, मूळ हिंदीतच लिहिलेली. उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांची कथा आहे, थोडी लांबते, मधे मधे भाषण दिल्यासारखी पण होते, पण गोऱ्या मालकाचा मळा आतून कसा चालायचा हे यातून जसं कळतं तसं इतिहासाच्या पुस्तकातून नाही कळत. तिकडे 'डबल कट' म्हणून प्रकार होता, एक दिवस खाडा केला की दोन दिवसांची मजुरी कापायची, आता असल्या हिशोबात माणूस कर्जातून कधी वर येणार सांगा.

मग मरीना कार्टर यांचं 'व्हॉइसेस फ्रॉम इंडेंचर' (इंडेंचर म्हणजे करारावर नेलेली मजुरी). हे इंग्रजी आहे, अभ्यासकी आहे, पण मजुरांची स्वतःची पत्रं, अर्ज, तक्रारी यावर उभं असल्यामुळे कोरडं वाटत नाही. ह्यू टिंकर यांचं 1974 चं 'अ न्यू सिस्टिम ऑफ स्लेव्हरी' सगळेच सुचवतात, चांगलंय, पण त्यात फिजी, त्रिनिदाद सगळंच येतं, नुसत्या मॉरिशससाठी एवढं जाडजूड घ्यायची गरज नाही. आणि अमिताव घोष यांची 'सी ऑफ पॉपीज' कोणीतरी सुचवेलच, कादंबरी एकदम भारी पण त्यातलं मजुरांना घेऊन निघालेलं जहाज शेवटपर्यंत मॉरिशसला पोचतच नाही!

पण नुसतं भारतीयांचं वाचून थांबलात तर अर्धाच देश कळेल. आपली लोकं हमखास इथेच थांबतात, 'छोटा भारत' म्हणून खूश होतात आणि आपल्या आधी तिथे आफ्रिकेतून, मादागास्करहून आणलेले गुलाम राबत होते हे विसरतात. 1835 ला गुलामगिरी बंद झाली, आणि मळेवाल्यांना स्वस्त माणसं हवी होती म्हणून तर आपल्याकडची जहाजं भरली ना. त्यासाठी मेगन व्हॉन यांचं 'क्रिएटिंग द क्रिओल आयलंड' वाचा, अठराव्या शतकातल्या गुलामांवर आहे, वाचायला जड जाईल पण सोडू नका. ल मोर्नचा डोंगर बघायला जाणारच असाल तर त्याआधी वाचा, पळून गेलेले गुलाम तिथे लपायचे, म्हणून तो 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, नुसता फोटो पॉइंट नाहीये तो.

अलीकडचा देश बघायचा तर कादंबऱ्याच बऱ्या. नताशा अप्पाना यांची 'द लास्ट ब्रदर' छोटीशी आहे, दोन दिवसांत होते. 1940 मध्ये इंग्रजांनी पॅलेस्टाईनमधून हाकललेल्या दीड हजारांवर ज्यू लोकांना मॉरिशसच्या बो बासँ तुरुंगात ठेवलं होतं, त्यावर आहे, मूळ फ्रेंच, इंग्रजीत मिळते. कार्ल द सूझा यांची 'काया डेज' 1999 च्या दंगलींवर आहे, काया नावाचा क्रिओल (म्हणजे आफ्रिकी गुलामांच्या वंशातला) गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. रिसॉर्टच्या जाहिरातीतलं 'सगळे गुण्यागोविंदाने राहतात' त्यानंतर जरा वेगळं वाटायला लागतं. इंग्रजांनी मॉरिशसपासून तोडलेल्या शागोस बेटांवरून लोकांना कसं उठवलं आणि त्यातल्या दिएगो गार्सियाला अमेरिकेचा तळ कसा झाला, त्यासाठी शेनाझ पटेल यांची 'सायलेन्स ऑफ द शागोस'.

मराठी माणूस म्हणून अजून एक. मुंबई बंदरातून आपली माणसंपण गेली होती, तिथे आजही मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मजुरांची जुनी रजिस्टरं, फोटोंसकट, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलीयत, तुमच्या घरात कोणी मॉरिशसला गेल्याची गोष्ट असेल तर आजोबांच्या आजोबांचं नाव, गाव लिहून घेऊन जा आणि आधी ईमेल करून विचारा.