सिंहगड रोडचा टू बीएचके, तीन एजंट आणि ‘सौदा ठरताच’ हे दोन शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सिंहगड रोडला रीसेलचा टू बीएचके विकायचाय, अपेक्षा ८२ लाख. एक एजंट १ टक्का मागतोय. दुसरा २ टक्के मागतोय आणि सहा महिने फक्त त्याच्याकडेच द्या म्हणतोय. तिसरा म्हणतो, ‘७८ नेट देतो, वरचं आमचं.’ द्यायचा कोणाला? खरं तर उत्तर देणार नव्हतो, पण दुसऱ्याच्या छापील फॉर्मचा फोटो उघडला आणि त्यातली एक ओळ वाचून जुनं दुखणं वर आलं: ‘सौदा ठरताच दलाली देय राहील.’ त्यावर खाली येतोच.

तिसऱ्याला आजच नमस्कार करा. ‘नेट’मध्ये खरेदीदाराने किती कबूल केले ते तुम्हाला कळतच नाही. वरची रक्कम साठेखतात (विक्रीच्या आधीच्या करारात) दाखवली तर ती तुमची विक्री किंमत, म्हणजे कॅपिटल गेनचा (विक्रीतल्या नफ्यावरच्या कराचा) हिशेब तुमच्या माथी. नाही दाखवली तर ती रोखीत फिरणार. घरविक्रीत २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे आणि दंड जेवढी रक्कम तेवढा बसू शकतो.

आता पहिले दोन. टक्के शेजारी ठेवून काही कळत नाही, हातात काय पडतं ते काढा. ८२ लाखांवर १ टक्का म्हणजे ८२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ९६,७६०. हातात उरले ८१,०३,२४०. २ टक्केवाल्याकडून हेच पैसे हातात पडायला त्याने फ्लॅट जवळपास ८३ लाखांना विकायला हवा. म्हणजे एक लाख जास्त. तो आणू शकेल? कदाचित. पण त्याच्या बाजूने बघा: भाव एक लाखाने वाढवला तर त्याला दोनच हजार जास्त मिळतात, आणि त्यासाठी आणखी महिनाभर गिऱ्हाइकं फिरवायची. त्यापेक्षा तुम्हालाच ‘मार्केट थंड आहे साहेब’ सांगून दोन लाख खाली आणणं सोपं. हे वाईट माणसंच करतात असं नाही, धंद्याची रचनाच तशी आहे. (जीएसटी लावतोय तर जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी लावताच येत नाही.)

भावाबाबत एजंटचा शब्द प्रमाण मानू नका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून तुमच्याच बिल्डिंगमधले नोंदलेले व्यवहार आणि त्यांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) बघता येतात. जाहिरातींच्या पोर्टलवर दिसतो तो मागितलेला भाव, इंडेक्स टूवर कागदावर नोंदलेला. मग एजंटला विचारा, या एक किलोमीटरमध्ये गेल्या वर्षात तुम्ही कोणते व्यवहार केले? दोन-तीन सांगितले तर तिथेच पडताळा.

एजंटच्या महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नंबरबद्दल विचारलंय. नोंदणीची सक्ती मुळात बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहे, तुमच्या रीसेलसाठी नाही. नंबर असला तर चांगलंच, पण त्याने तुमचा सौदा सुरक्षित होत नाही.

आता त्या ओळीकडे. ‘सौदा ठरताच’ म्हणजे कधी? फोनवर हो म्हटलं तेव्हा, टोकन दिलं तेव्हा, की साठेखत झाल्यावर? अशाच एका एजंट ऑफिसच्या फॉर्मवर मीही न वाचता सही केली होती. टोकनही त्यांच्याच ऑफिसच्या खात्यात गेलं होतं. खरेदीदाराच्या बँकेने व्हॅल्युएशन (फ्लॅटची बँकेने ठरवलेली किंमत) कमी काढलं, त्याचं गणित फिस्कटलं, तो मागे फिरला. आणि ऑफिसने ‘सौदा तर ठरला होता’ म्हणून टोकनातून पूर्ण दलाली कापली. नंतर फोन उचलणंही बंद. नाव लिहीत नाही, तो वाद इथे नको.

म्हणून कागदावर साधारण हे हवं: ‘दलाली ठरलेल्या विक्री किमतीच्या अमुक टक्के. त्यातील २५ टक्के नोंदणीकृत साठेखतानंतर, उरलेली ७५ टक्के, विक्रीची पूर्ण रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जमा झाल्यावर. विक्रेत्याच्या चुकीशिवाय व्यवहार मोडल्यास दलाली देय नाही आणि घेतलेली रक्कम परत.’ पुण्यात बरेच एजंट साठेखतालाच निम्मी मागतात. तिथे घासाघीस होते, पण शेवटचा मोठा हप्ता हातात राहू द्या. टोकन मात्र थेट तुमच्या खात्यात, पावतीवर परतीची अट लिहून. इथे मी ऐकून घेणार नाही.

चांगला एजंट ओळखायची माझी कसोटी एकच: तो खरेदीदाराचे पैसे तपासतो का? ८२ लाखांच्या फ्लॅटवर बँक ८० टक्के धरली तर ६५.६० लाख देईल, तेही व्हॅल्युएशन तेवढं आलं तर. उरलेले १६.४० लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्क ५.७४ लाख (महिलेच्या नावावर १ टक्का कमी), नोंदणी फी ३०,०००, वर त्याची दलाली. म्हणजे तेवीस लाखांच्या आसपास त्याच्याकडे स्वतःचे हवेत. सँक्शन लेटर (बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र) न बघता टोकनाची घाई करणारा एजंट २ टक्क्यांना काय, फुकटही महाग.

‘फक्त आमच्याकडेच’ या अटीला माझा सरसकट विरोध नाही. सहा जणांना दिलं की एकच फ्लॅट पोर्टलवर ८०, ८२ आणि ८५ला दिसतो आणि खरेदीदार ८०पासूनच बोलायला लागतो. पण सहा महिने फार. ६० दिवस द्या, आणि मुदत संपल्यावरही त्यांचा हक्क फक्त त्यांनी फ्लॅट दाखवलेल्या, लेखी यादीतल्या नावांवर राहील असं लिहून घ्या. अनेकांना देणार असाल तर फ्लॅट दाखवण्याआधी एजंटकडून खरेदीदाराचं नाव व्हॉट्सॲपवर मागवा आणि चावी एकाकडेच ठेवा. नाहीतर एकाच गिऱ्हाइकावर दोन एजंट हक्क सांगतात आणि भांडण तुमच्या दारात.

बाकीचं घाईत. तुमचं कर्ज चालू असेल तर बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती भरायचे ते सांगणारं पत्र) आणि कागदपत्रांची यादी आत्ताच मागा. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावली) ट्रान्सफरला सोसायटीची एनओसी लागत नाही, पण खरेदीदाराची बँक ती मागतेच, तेव्हा अर्ज लवकर टाका. ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत कमाल २५,०००. ‘बिल्डिंग फंड’ म्हणून जास्त मागितलं तर लेखी मागा, बहुतेकदा तिथेच विषय संपतो. किंमत ५० लाखांच्या वर, म्हणून खरेदीदार १ टक्का टीडीएस (तुमच्या नावे सरकारकडे भरायचा आयकर) कापेल. तो भरल्याचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय शेवटचा ताबा देऊ नका. दलाली बँकेतूनच द्या, बिल असेल तर ती कॅपिटल गेनमधून वजा होते.

मी वकील नाही, सीएही नाही. आकडे पुण्याच्या हद्दीतले आहेत, मुंबईत मुद्रांक शुल्क वेगळं. तुम्ही एनआरआय असाल तर टीडीएसचं गणित पूर्ण बदलतं, आधी सीए गाठा.

आणि त्या दुसऱ्याच्या फॉर्मवर सही झाली आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर ‘सौदा ठरताच’ खोडून वरचं वाक्य लिहा आणि दोघांची सही शेजारी घ्या. झाली असेल तर फॉर्मच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, नाव-पत्ता झाकून. रद्द करण्याची मुदत बहुधा तिथेच बारीक अक्षरात असते.