पावसाळ्यात मऊ कवचाची अंडी

प्रश्न : आमच्याकडे ६ गावठी कोंबड्या आहेत. पाऊस लागल्यापासून त्या खुराड्यातच असतात आणि त्यांना दोन्ही वेळा तांदळाच्या कण्या व उरलेला भात घालतो. महिनाभरात मऊ कवचाची अंडी येऊ लागली असून एक कोंबडी घातलेले अंडे फोडून खाते. कोणते औषध द्यावे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : औषधाआधी खाणे बदलावे. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि कण्यांत ते नगण्य. म्हणून कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते, आणि तो साठा ओसरला की कवच मऊ होते व तिचे पायही दुबळे पडतात. एरवी परसात हिंडताना गांडुळे, वाळवी आणि कोवळा पाला टिपून ती बरीचशी तूट भरून काढते. खुराड्यात हे सारे थांबते, शिवाय ऊन नसल्याने कॅल्शियम अंगी लागण्यास आवश्यक असलेले ड जीवनसत्त्वही कमी पडते.

आपल्याकडे तिसऱ्यांचे शिंपले उकिरड्यावर जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते. ते गोड्या पाण्यात धुऊन, चुलीत भाजून तांदळाच्या दाण्याएवढे जाडसर कुटावेत. पीठ करू नये. कवच मुख्यतः रात्री घडते आणि जाड तुकडे पोटात सावकाश विरघळून रात्रभर पुरतात. ही भरड करवंटीत वेगळी ठेवावी, म्हणजे अंड्यावरची कोंबडी गरजेपुरती टिपते. दाण्यात मात्र मिसळू नये, कारण जादा कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधते.

कण्यांत प्रथिने साधारण ८ टक्के असतात, अंड्यावरच्या कोंबडीला १६ टक्क्यांच्या आसपास लागतात. त्यासाठी कण्यांत थोडा सुका जवळा मिसळावा, पण तो बिनमिठाचा हवा. खारवलेल्या मासळीने कोंबड्यांना पातळ हगवण लागते. खोबऱ्याची पेंड घालत असाल तर ती हुंगून पाहावी. दमट हवेत तिला बुरशी धरते आणि त्या बुरशीचे विष यकृत खराब करते.

अंडे खाण्याची खोड बहुधा मऊ अंडे फुटून चव लागल्याने जडते. म्हणून अंडी लगेच उचलावीत आणि घालण्याच्या जागी पेंढा जाड अंथरावा. पाऊस उघडला की कोंबड्यांना तास-दोन तास परसात सोडावे.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा एखादी मान वाकडी करू लागली, हिरवी हगू लागली, तर तो मानमोडीचा (राणीखेत या कोंबड्यांच्या साथरोगाचा) संशय समजून तिला वेगळी ठेवावी व तातडीने पशुवैद्यकांना दाखवावे.