हॉस्पिटलच्या मीटिंगला आता स्टाफ नर्सपण बसवणार म्हणतात, नाव देऊ का?

तुम्ही विचारलंय की दर महिन्याच्या मीटिंगला वॉर्डातल्या दोन सिस्टर घ्यायचं तुमच्या हॉस्पिटलने ठरवलंय, तर नाव द्यावं की हा नुसता देखावा आहे. मी नागपुरातच एका प्रायव्हेट हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर आहे. माझं म्हणाल तर नाव द्या, पण मीटिंग किती वाजता आहे ते आधी पाहा. नाईट करून सकाळी हँडओव्हर द्यायचा आणि मग अकराच्या मीटिंगसाठी ताटकळत बसायचं, ते तासही ड्यूटीत धरायचे नाहीत, असं असलं की दोन-तीन महिन्यांत कोणीच जात नाही न मॅनेजमेंट म्हणायला मोकळं, सिस्टर लोकांनाच इंटरेस्ट नाही. म्हणून मीटिंगचा वेळ ड्यूटीत धरा हे पहिलं मागा, आणि काय ठरलं ते लिहून वॉर्डात लावायला सांगा.

मेट्रन मॅडम, म्हणजे सगळ्या सिस्टरच्या प्रमुख, तर आधीपासून असतातच हो मीटिंगला. पण शेवटची सलाईन लावून त्यांना किती वर्षं झाली ते त्यांनाच माहीत.

आमच्याकडे परचेसवाल्यांनी एकदा स्वस्तातली चिकटपट्टी घेतली, आता नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, कूलर बिचारा गरम हवाच फेकून राहिला, घामाने पट्टी सुटायची, कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घातलेली नळी) निघायची आणि लेकराला पुन्हा टोचायचं, वर त्याच्या आईची बोलणी आम्ही खायची. कॅन्युलाचा खर्च मोजला तर बचत कुठली बाप्पा! त्यानंतर कोणतंही नवीन सामान आधी वॉर्डात वापरून पाहायचं आणि सिस्टरची सही झाल्याशिवाय मोठी ऑर्डर नाही असं ठरलं. मला विचाराल तर मीटिंगमधल्या खुर्चीपेक्षा ही सही मोठी.

हे काही नागपुरी खूळ नाही. अमेरिकेत नर्सेसचा तुटवडा होता तेव्हा १९८३ मध्ये ४१ हॉस्पिटलांचा अभ्यास झाला, इथेच नर्सेस टिकून काऊन राहतात म्हणून, आणि कामाच्या निर्णयात नर्सेसना विचारलं जाणं हे त्यातलं एक कारण निघालं. पुढे त्यातूनच चांगल्या नर्सिंगसाठी हॉस्पिटलांना मिळणारं तिकडचं मॅग्नेट मानांकन आलं.

ड्यूटी रोस्टरचा विषय मात्र लवकर काढा, भांडणं तिथेच जास्त. आणि पेशंट किती, सिस्टर किती हे बोलताना 'आम्ही थकतो' एवढंच म्हणू नका, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म समोर ठेवा: टीचिंग हॉस्पिटलात ३ पेशंटमागे १ नर्स, जनरलमध्ये ५ मागे १. ऐकून लोक हसतात, हसू द्या.

पगार? सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलंय की ५० च्या आत बेड असले तरी महिन्याला २० हजारांपेक्षा कमी नको आणि २०० च्या वर बेड असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार. किती ठिकाणी मिळतो ते तुम्हाला माहीतच आहे. पण हा विषय दोघींनीच काढला तर त्या दोघीच डोळ्यात येतात, त्याला सगळ्यांच्या सह्यांचं पत्र लागतं.

आणि हो, तुमचे ओरिजिनल सर्टिफिकेट हॉस्पिटलने ठेवून घेतले असतील तर नाव द्यायच्या आधी ते परत मागून घ्या, म्हणजे मीटिंगमध्ये बोलताना त्याचा दबाव नको.