सराउंड ध्वनिमुद्रण लहान करताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पंचवटी): आमच्या ढोलपथकाचं वादन गोदाघाटावर सहा माइक लावून रेकॉर्ड केलं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाभराची वेव्ह फाइल तीन जीबीच्या वर जाते. लहान करायची तर डॉल्बी, एएसी की ऑपस?

उत्तर: आधी मूळ फाइल फ्लॅकमध्ये करून जपून ठेवा. फ्लॅकमध्ये आठ चॅनेलपर्यंतचा आवाज जसाच्या तसा राहतो आणि जागाही वाचते. घाटावरचं ते वादन पुन्हा तसंच व्हायचं नाही, म्हणून हा आग्रह.

दुसरं म्हणजे, सहा माइक आणि ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशी मांडणी) या वेगळ्या गोष्टी आहेत. ५.१ मधला तो ‘.१’ चॅनेल फक्त सबवूफरच्या खर्जासाठी असतो, साधारण १२० हर्ट्झपर्यंत. सहावा माइक तिथे टाकलात तर त्यावरचा आवाज एन्कोडर (फाइल लहान करणारा प्रोग्राम) छाटून टाकू शकतो. तो माइक ताशाजवळचा असेल तर ताशा गेलाच. त्याचा आवाज पुढच्या डाव्या-उजव्यात मिसळा आणि सबवूफरच्या चॅनेलमध्ये ढोलाचा खर्ज तेवढा जाऊ द्या.

आता फॉरमॅट. ढोल-ताशा म्हणजे या सगळ्या फॉरमॅटची खरी परीक्षा. हे एन्कोडर आवाजाचे छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यातलं काय गाळायचं ते ठरवतात. एएसीचा लांब तुकडा २,०४८ सॅम्पलचा (सॅम्पल म्हणजे आवाजाची एक नोंद), म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये सुमारे ४३ मिलिसेकंदांचा. ताशावर काडी त्या तुकड्याच्या मध्यात पडली, तर गाळण्यातून आलेली खरखर काडी पडण्याआधीच्या शांततेवरही पसरते आणि ठोक्याची धार बोथट होते. चांगला एन्कोडर ठोका ओळखून २५६ सॅम्पलच्या आखूड तुकड्यांवर येतो, पण त्याला बिट जास्त लागतात. शिवाय सिनेमात बराच वेळ संवाद मधल्या स्पीकरवर असतात आणि मागचे स्पीकर शांत असतात, त्यामुळे वाचलेले बिट दुसरीकडे वापरता येतात. पथकात पाचही चॅनेल एकदम दणाणतात. म्हणून ५.१ साठी ऑपसला एरवी १२८ ते २५६ केबीपीएस (सेकंदामागे किलोबिट, म्हणजेच बिटरेट) पुरेसे मानले जात असले, तरी तुमच्यासाठी मी ३८४ घेईन. तासाला १७३ एमबीच्या आसपास होतील. यात कंजुषी नको.

तपासताना मागचे स्पीकर एकटे लावून दोष शोधू नका. आवृत्ती १.१ पासून ऑपसचा एन्कोडर एका चॅनेलच्या आवाजाखाली दुसऱ्यातलं काय झाकलं जाईल, याचाही हिशेब करतो. सगळे स्पीकर चालू ठेवून, नेहमीच्या जागी बसून, ताशाचा एकच तुकडा मूळ फाइलशी ताडून पाहा.

प्रश्न (गंगापूर रोड): ऑपसमध्ये केलेली ५.१ फाइल टीव्हीवर वाजते, पण ऑप्टिकल वायरने जोडलेल्या जुन्या रिसीव्हरचे पुढचे दोनच स्पीकर बोलतात. रिसीव्हर बिघडला का?

उत्तर: नाही. ऑप्टिकल वायरमधून उलगडलेला, म्हणजे फॉरमॅटमधून मोकळा केलेला, आवाज दोनच चॅनेलचा जातो. पाच-सहा चॅनेल न्यायचे तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये बांधलेलेच लागतात, कारण तेच रिसीव्हरला उलगडता येतात. ऑपस टीव्हीतच उलगडलं जातं आणि पुढे स्टिरिओ जातं. फाइल डॉल्बी डिजिटलमध्ये, ६४० केबीपीएसवर करा. त्या फॉरमॅटची ती कमाल मर्यादा आहे. डीव्हीडी बनवणार असाल तर ४४८ च्या वर जाऊ नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर ते ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ करा. डॉल्बी डिजिटल जुना फॉरमॅट आहे, तेवढ्याच बिटमध्ये ऑपस त्याहून सरस वाजतं, हे खरं. पण जो फॉरमॅट तुमच्या घरी पाचही स्पीकरमधून वाजतो, तोच तुमच्यासाठी चांगला. कॉम्प्युटर थेट एचडीएमआयने रिसीव्हरला जोडता आला, आणि रिसीव्हर त्यावरून अनेक चॅनेल घेत असेल, तर ऑपसच ठेवा.

प्रश्न (सिडको): जुन्या डीव्हीडींवरचा ४४८ केबीपीएसचा डॉल्बी ट्रॅक २५६ च्या ऑपसमध्ये बदलून जागा वाचवू का?

उत्तर: नको. तासामागे ८५ एमबीच्या आसपास वाचतील आणि एकदा गाळलेला आवाज दुसऱ्यांदा गाळला जाईल. जागा व्हिडिओ खातो, तो लहान करा.

प्रश्न (नाशिकरोड): आमच्या नाट्यसंस्थेने नाटकाचं ५.१ मिक्स केलं. एएसी केल्यावर संवाद भलत्याच स्पीकरमधून येतात. बिटरेट वाढवून बघितला, फरक नाही.

उत्तर: बिटरेटने फरक पडणारच नाही, कारण चॅनेलचा क्रम चुकला आहे. वेव्हमध्ये क्रम डावा, उजवा, मधला, सबवूफर, मग मागचे दोन असा असतो. एएसीत मधला पहिला आणि सबवूफर शेवटी. ऑपसमध्ये डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि शेवटी सबवूफर. एन्कोडर सहसा हे आपोआप जुळवतो. पण सहा सुटे मोनो ट्रॅक हाताने जोडले, किंवा फाइलमध्ये चॅनेलची मांडणी नोंदलेलीच नसली, की घोळ होतो. प्रत्येक स्पीकरचं नाव पुकारणारी एक छोटी फाइल रेकॉर्ड करा. सबवूफरच्या चॅनेलमध्ये मात्र बोलण्याऐवजी ५० हर्ट्झचा सूर ठेवा. ही फाइल नाटकाच्याच पद्धतीने एन्कोड करून सहाही चॅनेल ऐका, क्रम जुळला की मग पूर्ण नाटक एन्कोडिंगला लावा.