अमेरिकेत अपघाताचा दावा ज्युरीसमोर हरलो. ज्युररचं गैरवर्तन नंतर कळलं, ते अपिलात मांडता येईल का?

येईल, पण सुरुवात अपिलात होत नाही. तुम्ही लिहिलंय की फेडरल कोर्टातल्या निकालानंतर एका ज्युररनेच (ज्युरीतल्या सदस्याने) तुमच्या वकिलांना दोन गोष्टी सांगितल्या: दुसऱ्या एका ज्युररने घरी गुगलवर अपघाताचा चौक पाहून बाकीच्यांना माहिती दिली, आणि एक बाई चर्चेत म्हणाली, "असे लोक पैशासाठीच दावे लावतात." मी इथे दिवाणी दाव्यांचंच काम करते. आधी जजमेंटची तारीख बघा.

भारतात पहिल्या अपिलात कोर्ट पुरावा नव्याने तपासतं, म्हणून आपली माणसं इथेही "वर बघू" म्हणून थांबतात. इथलं अपील कोर्ट खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड बघतं, बस. तेव्हा त्याच न्यायाधीशापुढे फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम ५९ खाली नव्या खटल्याचा अर्ज करायचा, जजमेंटची नोंद झाल्यापासून २८ दिवसांत. ही मुदत न्यायाधीशही वाढवू शकत नाही. अर्ज वेळेत गेला, तर अपिलाचे ३० दिवस त्या अर्जाच्या निकालापासून सुरू होतात. २८ दिवस उलटले असतील तर निकालातून सुटका मागण्याचा नियम ६० आहे, पण त्यात यश क्वचित मिळतं आणि उशिरा केलेल्या त्या अर्जाने अपिलाची मुदत थांबत नाही.

आता पुरावा. पुराव्याच्या नियम ६०६(ब) प्रमाणे बंद खोलीत काय चर्चा झाली, कोणाचं मत कशाने फिरलं, हे ज्युररला सांगता येत नाही. बाहेरून आत आलेली माहिती मात्र सांगता येते. म्हणजे तुमचा जोर गुगलवर हवा.

हा नियम किती कडक आहे ते वॉर्गर विरुद्ध शॉअर्स या दाव्यात दिसतं. साउथ डकोटात मोटरसायकलवरच्या वॉर्गरला ट्रकची धडक बसली, त्याचा पाय गेला. निकाल विरुद्ध लागल्यावर एका ज्युररने लिहून दिलं की ज्युरीप्रमुख बाई चर्चेत म्हणाली, माझ्या मुलीच्या हातून अपघातात माणूस गेला होता, तेव्हा दावा लागला असता तर तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं असतं. ज्युरीच्या निवडीच्या वेळी हिनेच निष्पक्ष राहीन असं सांगितलं होतं. तरी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ते प्रतिज्ञापत्र नाकारलं. मला हा निकाल आजही बोचतो, पण कायदा तोच आहे.

तुमच्या ज्युरीतल्या त्या बाईचे शब्द तुमच्या वंशावर होते का, हे वकिलांना नेमकं सांगा. २०१७ मध्ये उघड वांशिक द्वेषासाठी सुप्रीम कोर्टाने या नियमाला अपवाद केला. तो खटला फौजदारी होता, त्यामुळे दिवाणीत वाद होणारच, पण मुद्दा रेकॉर्डवर आणून ठेवावा.

तुमच्या ज्युररच्या प्रतिज्ञापत्रात कोणी, कधी, काय पाहिलं, कोणाला सांगितलं, निकालाआधी की नंतर, एवढंच असावं. "त्यामुळे माझं मत बदललं" हे वाक्य घालू नका, ते चालत नाही. चौकातला सिग्नल किंवा दिसण्याची अडचण हाच वादाचा मुद्दा होता, हे वकिलांनी दाखवावं. त्या माहितीमुळे निकालात तुमचं नुकसान झाल्याची वाजवी शक्यता दिसली, तर न्यायाधीश ज्युररला बोलावून चौकशी करू शकतात.

त्या ज्युररला तुम्ही स्वतः फोन करू नका. कित्येक फेडरल कोर्टांच्या जिल्ह्यांत कोर्टाच्या परवानगीशिवाय ज्युररशी बोलायलाच बंदी आहे. वकिलांनी तुमच्या कोर्टाचा स्थानिक नियम आजच तपासावा, आणि लागत असेल तर परवानगीचा अर्ज आधी द्यावा.